बोंडलं

रिक्षा क्रांती चौकाच्या अलीकडच्या गतिरोधकावर अशी काही आदळली की मागच्या सीटवरच्या चौघी एकदम वर उडाल्या, आणि खाली बसता बसता द्वारकाला कळलं, आली. आता हे कळायला काही पंचांग पाहावं लागत नाही. पोटाच्या तळाशी काहीतरी सैल होतं, एक कोमट ओल जाणवते, आणि मग सगळं अंग त्या एका जागेभोवती गोळा होऊन बसतं. बाहेरचे हॉर्न, शेजारणीचं फोनवरचं बोलणं, रिक्षावाल्याचं गाणं, सगळं लांब जातं. तिने मांड्या घट्ट जवळ घेतल्या. ट्रॅकपँटच्या आत खो-खोच्या निवड चाचणीची पिवळी चड्डी होती, पिवळी, म्हणजे लपवायला काहीच जागा नाही. आज नाही, तिने स्वतःला बजावलं, आज नाही, अजून पंचवीस दिवस आहेत. मोबाइलमध्ये तारीख टाकलेली होती, चाचणीचा दिवस कळल्यापासून ती दहा वेळा तपासलेली होती. शेजारी तिची आई मंजुळाबाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. "काय झालं गं?" तिने विचारलं. "कुठं काय?" "मग तोंड कामून उतरलं?" "काही नाही म्हणलं ना!" हे जरा जोरातच निघालं. समोरच्या आरशातून रिक्षावाल्याने पाहिलं, आणि मंजुळाबाई बाहेर बघायला लागली.

आणि तेवढ्यात, चौक ओलांडता ओलांडता, तिला सगळं उलगडलं आणि असा संताप आला की ती ओल विसरली. गोळ्या! गेल्या रविवारी बिडकीनला चुलत्याच्या घरी जागरण-गोंधळ होता. देवाचं काम, घरात परडी मांडायची, आणि द्वारकाची तारीख नेमकी त्याच दोन दिवसांत. मग काय, मंजुळाबाईने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पुढं ढकलायच्या गोळ्या आणल्या, जशा त्यांच्या घरातल्या सगळ्या बाया आणतात. कुणाला विचारायचं नाही, डॉक्टरला तर नाहीच. सकाळी एक, संध्याकाळी एक, देव निघाला की बंद. द्वारकाने निमूट घेतल्या. घेताना तिला एवढंच वाटलं होतं की आता पुढच्या महिन्याच्या तारखेलाच येईल, चाचणी सुखरूप पार पडेल, देवाचंही झालं आणि आपलंही झालं. गोळी थांबवली की तीन दिवसांत येते, आणि साचल्यासारखी जोरात येते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? मेडिकलवाल्याने पाकीट कागदात गुंडाळून असं हातात दिलं होतं की जणू त्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. रविवारी गोळी बंद केली, आज बुधवार. देव पवित्र राहिला, आणि हिच्या वाट्याला हे आलं. तिला आईकडे बघवेना. आई बिचारी पिशवीत लिंबं आणि ग्लुकोज घेऊन निघाली होती, आयुष्यात पहिल्यांदा लेकीचा खेळ बघायला. कंपनीच्या कँटीनला पोळ्या लाटायच्या कामावरून तिने आजचा दिवस सुट्टी घेतली होती. अर्थात ती काही नुसती खेळासाठी आली नव्हती. चाचणी झाली की गुलमंडीला जायचं होतं, साडी घ्यायला. रविवारी खुलताबादचे पाव्हणे द्वारकाला बघायला येणार होते.

तेव्हा गोष्ट सरळ होती. बी.ए.चं हे तिसरं वर्ष, शेवटचं. आज विद्यापीठाच्या खो-खो संघात नाव आलं तर पुढे बाहेरच्या स्पर्धा, प्रमाणपत्र, पोलीस भरतीत खेळाडूंची जागा. वडील रामकिसन तोंडाने काही बोलत नव्हते, पण त्यांनी एकदा जेवता जेवता म्हटलं होतं, "नाव आलं तर पाव्हण्याला थांबा म्हणू. नाय आलं तर मग कशाला थांबायचं?" एवढंच. त्यात रागावण्यासारखंही काही नव्हतं, हीच तर पंचाईत. आणि मागच्या वर्षी काय झालं ते फक्त द्वारकाला माहीत होतं. हेच मैदान, हीच चाचणी. तेव्हा पाळीचा दुसरा दिवस होता आणि तिने दोन पॅड लावले होते, एकावर एक, कारण तिच्या ओळखीतल्या सगळ्याच मुली खेळाच्या दिवशी असंच करायच्या. दोन लावले की काळजी मिटली असं वाटायचं. मिटत काही नाही. पाटीवरच्या चौकोनात उकिडवं बसलं, खो मिळाला की झटक्यात उठलं, धावलं, पुन्हा बसलं, की वरचा खालच्यावरून सरकतो, कडा मुडपतात, घामाने चिकटपट्टी सुटते, आणि मांडीच्या सांध्यात करवत लागल्यासारखं होतं. शेवटचं मिनिट होतं, समोर एकच पळती उरली होती, खांबाच्या पलीकडे. खांबाला एक हात धरून अंग झोकून द्यायचं आणि सूर मारायचा, एवढंच काम. ती झेपावली, आणि हवेत असताना तिला वाटलं, सुटलं! तिने पाय जवळ ओढले. वीतभर हात कमी पडला. शिट्टी वाजली. प्रशिक्षक बन्सी सरांनी विचारलं, काय झालं, आणि ती म्हणाली, पोटरीत गोळा आला. सर वहीत काहीतरी लिहून म्हणाले, "घाबरलीस." तो शब्द वर्षभर तिच्या घशात अडकून होता. ती घाबरट नव्हती हो. बिडकीनच्या विहिरीत तिने मुलांच्या आधी उडी मारलेली होती. पण हे सांगणार कुणाला, आणि कोणत्या तोंडाने?

मैदानावर चुन्याच्या रेघा ओढून झाल्या होत्या. तिची मैत्रीण नसरीन पहिल्या गटात होती, पाटीवर तिसऱ्या चौकोनात बसून बुटाची नाडी करकचून बांधत होती. तिने लांबूनच हात केला. बन्सी सरांनी शिट्टी दोरीसकट बोटाला गुंडाळत सांगितलं, "द्वारका, दुसरा गट. पंधरा मिनिटं. अंग गरम कर." पंधरा मिनिटं! ती भिंतीकडच्या संडासाकडे निघाली तशी मंजुळाबाई मागोमाग आली. "तू कामून येऊ लागली?" "उन्हात एकटी बसू का तिकडं? सगळे गडी माणसं." संडासाचं दार पत्र्याचं होतं आणि त्याची कडी कधीकाळी कुणीतरी उपटून नेली होती, तिच्या जागी एक भोक होतं आणि भोकात सुतळी. आतून एका हाताने ती सुतळी ओढून धरायची आणि दुसऱ्या हाताने जे काय करायचं ते करायचं. बादलीत पाणी होतं, हे नशीब. द्वारकाने सुतळी मनगटाला गुंडाळली, ट्रॅकपँट खाली घेतली आणि पाहिलं. पिवळ्यावर अजून नव्हतं. आतल्या कपड्यावर होतं, आणि बरंच होतं.

सॅकच्या खालच्या कप्प्यात दोन गोष्टी होत्या. एक पॅडचं पाकीट, त्यात तीन उरलेले. आणि एका स्वच्छ फडक्यात बांधलेला तो रबरी कप. कप म्हणजे काय, पाळीत आत ठेवायची, अंगठ्याएवढ्या उंचीची मऊ गुलाबी वाटी, खाली छोटा देठ. तो नसरीनने मागवून दिला होता, स्वतःच्या पत्त्यावर, कारण पुंडलिकनगरला द्वारकाच्या घरी आलेलं पार्सल सगळी गल्ली मिळून उघडते. नसरीन दीड वर्षापासून तोच वापरत होती आणि सूर मारताना तिच्या डोक्यात सूर सोडून काही नसायचं, हे तिला बघूनच कळायचं. "डरती कायकू?" ती म्हणायची. "गुम नईं होता अंदर. बदन कू ढीला छोड, बस." सांगणं सोपं आहे. द्वारकाने घरी दोनदा करून पाहिलं होतं. पहिल्यांदा गेलाच नाही. दुसऱ्यांदा गेला, आणि मग निघेना. बाहेर आई दार वाजवते, वडिलांना कामाला जायचंय, आणि ही आत घामाघूम, अडकला, कायमचा अडकला, आता दवाखाना, आता सगळ्यांना कळणार, खुलताबादपर्यंत कळणार, की लग्नाआधी ही असलं काही आत घालत होती. शेवटी निघाला तेव्हा ती फरशीवर बसून रडली होती. त्यानंतर तो सॅकच्या तळाशी गेला तो गेलाच. आणि मग आठ दिवसांपूर्वी तो थेट स्वयंपाकघरातल्या फळीवर दिसला, मिठाच्या बरणीशेजारी उपडा घातलेला! आई पीठ मळत होती. "तुझ्या बॅगंत बोंडलं होतं की," ती मान वर न करता म्हणाली. "कोकराला दूध पाजायचं. आता मेंढरं कुठं राहिली? कुनाचं आनलं?" मंजुळाबाईचं माहेर धनगराचं, लहानपण सगळं कळपामागं गेलेलं. माय मेलेल्या कोकरांना तिने असल्याच रबराच्या बोंडल्याने पाजून जगवलेलं. द्वारकाच्या तोंडून एवढंच निघालं, "नसरीनकडची शेळी व्यायलीय." "मंग धुऊन तरी ठेवावं. मी उकळून काढलं चांगलं. बोंडलं उकळल्याबिगर पिल्लाच्या तोंडात घालू नये, हगवन लागती." आणि तिने तो पुसून, फडक्यात बांधून परत दिला. द्वारका त्या दिवशी पोट धरून हसली, पण गच्चीवर जाऊन, एकटीच.

आता हसू येत नव्हतं. तिने पॅड काढला. एक लावला. मग, हात सवयीने आपोआपच गेला, वर दुसरा लावला. त्या अरुंद जागेत ती पाटीवर बसतात तशी उकिडवी बसली आणि झटकन उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. तिसऱ्यांदा वरचा सरकला. तोच, तोच जुना सरकणारा जाडपणा, आणि त्याच्याबरोबर तो शब्द. बाहेर मैदानावर पहिल्या गटाची शिट्टी झाली. घाबरलीस. तिने दोन्ही ओढून काढले, कागदात गुंडाळले आणि फडकं सोडलं. पण कप घडी करायला दोन हात लागतात आणि एक हात सुतळीत अडकलेला. सुतळी सोडली की दार उघडतं, आणि दाराबाहेर चार कॉलेजांची मुलं-मुली, सर, पंच. ती तशीच उभी राहिली. हे हसण्यासारखंच होतं खरं तर, सगळं आयुष्य एका सुतळीवर येऊन थांबावं! नसरीन पाटीवर होती. दुसरी कुणी मैत्रीण नव्हती जिला सांगता येईल. बाहेर फक्त एकच बाई उभी होती, तीच जिच्यापासून हे सगळं लपवलं होतं, जिने गोळ्या दिल्या होत्या.

"आई."

"काय गं? झालं नाय का अजून?"

"दार धर बाहेरून. घट्ट धर."

मंजुळाबाईने दार धरलं, पत्रा कुरकुरला. फटीतून तिच्या लुगड्याचा हिरवा काठ दिसत होता. "आली काय?" तिने हळूच विचारलं.

"हो. तुझ्या गोळ्यांनी आली. बंद केल्या म्हणून आली. आज!" द्वारकाचा आवाज फुटला. "पंचवीस दिवस होते मला, पंचवीस! देवाला चालत नाही म्हणून माझ्यावर काढलं तुम्ही सगळं."

 मग मंजुळाबाई म्हणाली, "मला काय ठावं, पोरी. मी वीस वरसं तशाच खाल्ल्या. मला कधी कुठं पळायचं नव्हतं." आणि थोड्या वेळाने, "कपडा हाये माझ्याकडं पिशवीत. सुती हाये, देऊ का?"

"नको. कपड्याने नाही होत. बसून उठायचं असतं गं, झोकून द्यायचं असतं." आता लपवण्यात काय राहिलं होतं? "ते बोंडलं घालतेय मी."

"कोनतं बोंडलं?"

"तेच. तू उकळलेलं. ते कोकराचं नाहीये, आई. ते बाईचं असतं. आत ठेवायचं, त्यात गोळा होतं. मग काढायचं, धुवायचं. पळता येतं त्यानं."

बाहेरची शांतता एवढी लांबली की द्वारकाला वाटलं, आई दार सोडून निघून गेली. पण पत्रा हलला नव्हता. मैदानावर कुणीतरी खो ओरडलं. द्वारकाने डोळे मिटले, ती आता काहीही ऐकायला तयार होती, बाई असून लाज नाही का, पाव्हणे येणारेत, बापाला सांगते.

"आत म्हंजे, पार आत?" मंजुळाबाईने विचारलं.

"हो."

"अन् निघतंय का ते?"

"निघतं. माझ्याकडून एकदा अडकलं होतं. मला भीती वाटू लागली, माय." हे ती म्हणून गेली आणि म्हटल्यावर तिला रडूच आलं. वर्षभरात हे वाक्य तिने कुणापुढे उच्चारलं नव्हतं.

मंजुळाबाई दाराच्या फटीपाशी सरकली. तिचा आवाज अगदी जवळून आला, दबका. "ऐक. मी तुझ्याएवढी व्हते तवा आमी कळप घेऊन पार पैठनच्या खाली उतरायचो. दिवसाला दहा कोस. फडक्याची घडी, कमरेला नाडा, अन् चाल. घडी वाळली की पत्र्यासारखी व्हायची. मांड्या अशा सोलायच्या की पायातून रगत यायचं, अन् लोकाला वाटायचं पाळीचंच हाये. दोन्ही मांड्यांवर अजून डाग हायेत माझ्या. मी कुनाला म्हणले नाय. कुनाला म्हणनार, मेंढरांना?" ती थांबली. "मेंढी अडली की आमी तिला आधी थंड होऊ द्यायचो. घाई केली की ती आवळून धरती. लंबा श्वास घे. मी दार धरलंय. कुनी बी येऊ दे, सरकत नाय मी."

द्वारकाने श्वास घेतला. भिंतीला पाठ टेकली. दोन्ही हात आता तिचे होते. घडी केली, एकदा निसटली, पाण्यात बुडवून पुन्हा केली. नसरीन म्हणाली होती, ढीला छोड, आणि आई म्हणत होती, थंड हो, आणि दोन्ही बाया एकच सांगत होत्या, फक्त एकीने मेंढीवरून सांगितलं. घडी आत जाऊन उलगडली. तिने बसून पाहिलं, उठून पाहिलं. काही नाही. खरंच काही नाही, सरकायला काही नाहीच. चड्डी वर घेतली, हात धुतले. दार ढकललं तर ढकलेना. "अगं सोड आता!" "झालं?" "झालं." मंजुळाबाईने दार सोडलं तेव्हा तिच्या दोन्ही तळव्यांवर पत्र्याच्या कडेचे लाल वळ उठले होते.

दुसऱ्या गटात तिला शेवटचा चौकोन मिळाला, खांबाशेजारचा. पहिली तीन मिनिटं ती खेळत नव्हतीच, आत कान लावून बसली होती. उठताना कान, बसताना कान, वळताना कान. एकदा खो उशिरा घेतला, बन्सी सर ओरडले. आत काही बोलत नव्हतं. हळूहळू तिच्या लक्षात आलं की गेल्या कितीतरी क्षणांत तिने ऐकलंच नाही, ती फक्त पळतीचे पाय बघत होती. ही पळती म्हणजे भागू, कन्नड तालुक्याची, जिल्ह्यात तिला कुणी सहज मारत नसे. खांदा एकीकडे दाखवायची आणि पाय दुसरीकडे न्यायची. शेवटचं मिनिट सुरू झालं. मागून थाप पडली, खो, आणि द्वारका सुटली. भागू खांबाच्या दिशेने, ही मागे. भागूने खांब ओलांडून अंग चोरलं. तीच जागा होती. वर्षभर रोज झोपताना तिला दिसलेली जागा. हवेत जाण्याआधीच्या अर्ध्या क्षणात तिचं शरीर पुन्हा जुनं झालं, पाय आपोआप जवळ यायला लागले, सुटलं तर, डाग पडला तर, सगळे बघतायत, सर, पंच, आई. आणि तिला पत्र्याचा तो कुरकुरण्याचा आवाज आठवला, दार धरलेल्या हातांचा. कुनी बी येऊ दे. तिने डाव्या हाताने खांब धरला आणि पाय मोकळे सोडून दिले. छाती, पोट, मांड्या, सगळी माती एकदम अंगाला आली. तोंडात धूळ गेली. उजव्या हाताच्या दोन बोटांना भागूची टाच लागली, गरम, खरखरीत. शिट्टी झाली.

उठताना तिचा हात सवयीने चड्डीच्या मागे जायला निघाला. तिने सीमारेषेकडे पाहिलं. तिथं मंजुळाबाई उभी होती, आणि तिचाही हात पाठीमागे गेलेला, पदर मागून ओढून घेत होता, जसा ती रस्त्याने चालताना, कँटीनमधून घरी येताना, नेहमी ओढून घ्यायची. इतकी वर्षं द्वारकाने ते रोज पाहिलं होतं आणि कधी पाहिलंच नव्हतं. तिने आपला हात थांबवला. मागे न बघता पाटीवर जाऊन बसली.

नावं तासाभराने वाचली. बन्सी सर खुर्चीवर उभे राहून वाचत होते, मुली दाटीवाटीने उभ्या, नसरीनचं नाव दुसरं आलं आणि तिने द्वारकाच्या दंडाला एवढ्या जोरात चिमटा काढला की वळ उठला. पाचवं, सहावं. मंजुळाबाई तिच्या दुसऱ्या बाजूला अंग चोरून उभी होती, तिला ही नावं कशाची हेही नीट कळत नव्हतं. आठवं नाव द्वारकाचं होतं. सरांनी ते वाचून चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. नसरीन किंचाळली. द्वारकाला हसावं की बसावं कळेना. तिने आईचा हात धरला. "आलं नाव, आई. पाव्हण्याला थांबा म्हणायचं."

"म्हणू की. तुझ्या बापाला मी सांगते," मंजुळाबाई म्हणाली. पण तिचं लक्ष वेगळीकडेच होतं. तिने इकडे तिकडे पाहिलं, लेकीच्या कानाशी आली आणि आपल्या उभ्या आयुष्यात न काढलेल्या आवाजात, लाजत, विचारलं, "आठ तास उभं राहून लाटायला लागतंय, द्वारके. मांड्या अजून बी सोलत्यात. माझ्या वयाच्या बाईला बसंल का गं ते बोंडलं?"